कोडस्पेल : डॉक्युमेंटेशनमधील स्पेलिंगच्या चुका शोधणाऱ्या साधनाचे परीक्षण

मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही वाचता आणि बदलता येणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमधील (सोबतच्या लेखी माहितीतील) स्पेलिंगच्या चुकांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, कारण इंग्रजीचा सराव असलेल्या वाचकाची नजर चुकलेल्या अक्षरांवरून सहज पुढे सरकते आणि अर्थ मनात आपोआप पुरा होतो. खानापूर, निपाणी किंवा चिकोडीहून बेळगावात अभियांत्रिकी शिकायला आलेल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे तसे होत नाही. घरी मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड आणि त्यानंतर इंग्रजी अशा क्रमाने भाषा शिकलेला हा वाचक अनोळखी शब्द दिसला की थांबतो, कोश उघडतो, आणि कोशात तो शब्द सापडला नाही की दोष आपल्याच इंग्रजीचा आहे असे धरून चालतो. एका अक्षराच्या चुकीपायी एखादा हुशार मुलगा सूचनांचे अख्खे पान बाजूला ठेवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि म्हणूनच या चुका दुरुस्त करण्याच्या कामाला कोणी किरकोळ म्हटले की मला ते पटत नाही.

चुकीचा दुसरा तोटा शोधण्याशी संबंधित आहे. हजारो फायलींच्या प्रकल्पात माणूस वाचत बसत नाही, तो शब्द टाकून शोध घेतो, आणि मूळ मजकुरातच शब्द चुकलेला असेल तर शोधाला उत्तर मिळत नाही. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, पॅच (दुरुस्तीचे बदल) कसे पाठवावेत हे सांगणाऱ्या मार्गदर्शिकेत किरकोळ पॅचच्या प्रकारांची एक यादी असे. तिच्यात डॉक्युमेंटेशनमधील स्पेलिंगची दुरुस्ती होतीच, पण त्याशिवाय ‘ग्रेप’ या शोध-आज्ञेला अडथळा आणू शकणाऱ्या स्पेलिंगच्या चुकांचाही वेगळा उल्लेख होता. ज्यांनी ती यादी केली त्यांना या कामाची किंमत नेमकी कळली होती, असे मला वाटते.

टिळकवाडीत आमचा एक छोटा गट सुट्टीच्या दिवशी जमतो. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत, एक-दोन नोकरदार आहेत, आणि मी स्वतः अनेक वर्षे छपाईच्या व्यवसायात मुद्रितशोधनाचे काम केलेली आहे. मुक्त स्रोत प्रकल्पांना पहिला हातभार म्हणून आम्ही डॉक्युमेंटेशनमधील स्पेलिंग तपासतो आणि त्यासाठी मुख्यतः ‘कोडस्पेल’ हे साधन वापरतो. पुढील परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे.

कोडस्पेल हा पायथन भाषेत लिहिलेला, टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकून, चालणारा प्रोग्रॅम आहे. तो विनामूल्य आहे, त्याची संहिता (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) जीपीएल दोन या मुक्त परवान्याखाली आणि त्याचा शब्दकोश क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली उपलब्ध आहे. संगणकावर लिनक्सचे उबुंटू किंवा डेबियन हे रूप असेल तर नेहमीच्या पॅकेज भांडारातून, अन्यथा पायथनच्या ‘पिप’ या साधनातून तो एका आज्ञेत बसतो. एकदा बसला की त्याला इंटरनेट लागत नाही. शहरात राहणाऱ्याला या गोष्टीचे महत्त्व कदाचित वाटणार नाही, पण पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला नेटवर्क किती टिकते हे ज्याला माहीत आहे त्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या गटातील त्या भागातले विद्यार्थी प्रकल्पाची प्रत बेळगावात उतरवून घेतात, घरी जुन्या लॅपटॉपवर तपासणी करतात आणि परत आल्यावर दुरुस्त्या पाठवतात. साधन हलके असल्यामुळे जुन्या यंत्रावरही ते अडखळत नाही.

त्याची खरी खुबी तपासण्याच्या पद्धतीत आहे. नेहमीचा स्पेलचेकर बरोबर शब्दांचा कोश बाळगतो आणि जो शब्द त्या कोशात नाही तो चुकीचा ठरवतो. साध्या पत्रासाठी ही पद्धत ठीक आहे. पण सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये फंक्शनची नावे, फायलींचे मार्ग, आज्ञांचे पर्याय, लोकांची आडनावे आणि संक्षेप यांची इतकी गर्दी असते की असा स्पेलचेकर पानभर लाल रेघा ओढतो आणि त्यांत खरी चूक हरवून जाते. कोडस्पेल उलट दिशेने जातो. त्याच्याकडे चुकीच्या शब्दांची यादी आहे. लोक वारंवार ज्या चुका करतात त्या डावीकडे, मग बाण, आणि उजवीकडे बरोबर रूप. विकिपीडियावर नेहमीच्या चुकांची जी यादी पूर्वीपासून ठेवली जाते तिच्यावरून या कोशाची सुरुवात झाली आणि पुढे वापरणाऱ्यांनी तो वाढवत नेला. यादीत नसलेल्या शब्दाबद्दल कोडस्पेल चकार शब्द काढत नाही. त्यामुळे तो जेव्हा बोट दाखवतो तेव्हा बहुतेक वेळा तिथे खरोखर चूक असते.

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन नुसते ‘कोडस्पेल’ असे लिहून एंटर दाबले की एकेक ओळ पडू लागते. ओळीत आधी फायलीचे नाव, मग ओळीचा क्रमांक, मग चुकलेला शब्द, त्यापुढे दुहेरी रेघांचा बाण आणि सुचवलेले रूप. ‘सेपरेट’ या शब्दात ‘पी’नंतर ‘ए’च्या जागी ‘ई’ पडलेला असतो, ‘रिसीव्ह’मध्ये ‘ई’ आणि ‘आय’ यांची अदलाबदल झालेली असते, ‘घडले’ या अर्थाच्या ‘ऑकर्ड’मध्ये दोन ‘आर’ हवेत तिथे एकच असतो, ‘डिपेंडन्सी’च्या पोटात ‘ई’ऐवजी ‘ए’ शिरलेला असतो. खूप नावाजलेल्या प्रकल्पांतही या चुका सापडतात, आणि खानापूरच्या मुलीला त्या पहिल्यांदा पडद्यावर दिसतात तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा संकोच जातो, कारण ज्यांचे इंग्रजी आपल्यापेक्षा कितीतरी चांगले असेल असे तिने मानलेले असते त्यांच्याही हातून तेच शब्द चुकलेले असतात.

दुरुस्ती करण्याचे दोन मार्ग आहेत. ‘डॅश डब्ल्यू’ हा पर्याय दिला तर कोडस्पेल स्वतःच फायलींमध्ये बदल करून टाकतो. ज्या चुकीच्या एकाहून अधिक दुरुस्त्या संभवतात ती मात्र तो आपणहून बदलत नाही, नुसती दाखवतो. ‘डॅश डब्ल्यू’सोबत ‘डॅश आय’ आणि त्यापुढे आकडा दिला तर तो प्रत्येक ठिकाणी थांबून विचारतो, आणि आकडा ३ असेल तर बदल करू का आणि अनेक पर्यायांतला कोणता घेऊ हे दोन्ही विचारतो. माझा आग्रह दुसऱ्या मार्गाचा आहे. आज्ञा देऊन साऱ्या फायली एकदम बदलणे सोपे आहे, पण त्यात वाचन होत नाही, आणि वाचन झाल्याशिवाय तो शब्द गद्यात आहे की संगणकाला दिलेल्या आज्ञेत आहे हे कळत नाही.

हा फरक या कामात सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिते. डॉक्युमेंटेशनमध्ये जे चुकीचे स्पेलिंग दिसते ते कधीकधी बदलायचेच नसते, कारण प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्ये ते नाव तसेच आहे. वेबच्या एचटीटीपी प्रोटोकॉलमधील (संदेशांच्या देवाणघेवाणीच्या नियमांतील) ‘रेफरर’ हे हेडर, म्हणजे संदेशासोबत जाणारी माहितीची ओळ, याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात त्या शब्दातला एक ‘आर’ गळालेला आहे, आणि जगभरचे सर्व्हर व ब्राउझर ते नाव तसेच ओळखू लागल्यामुळे ती चूक आज प्रमाण ठरली आहे. पुढे आलेल्या ‘रेफरर पॉलिसी’ या हेडरमध्ये मात्र स्पेलिंग बरोबर आहे, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही रूपे असू शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य असतात. युनिक्स या संगणक-प्रणालीत फाइल तयार करणाऱ्या जुन्या सिस्टिम कॉलच्या (प्रणालीकडून काम करून घेणाऱ्या आज्ञेच्या) नावाच्या शेवटी ‘ई’ नाही. तो लावून कोणी डॉक्युमेंटेशन ‘शुद्ध’ केले, तर ते वाचून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा प्रोग्रॅम चालणार नाही. कोडस्पेलच्या कर्त्यांना ही अडचण ठाऊक आहे. जे शब्द गद्यात चूक असतात पण संहितेत रीतसर वापरले जातात त्यांच्यासाठी त्यांनी वेगळा कोश ठेवला आहे, आणि आपण मुद्दाम मागितल्याशिवाय तो वापरला जात नाही. विचारपूर्वक केलेली ही विभागणी मला फार आवडली.

असेच आणखी काही कोश त्यात आहेत. मुळात ‘क्लिअर’ आणि ‘रेअर’ हे दोनच चालू असतात. पहिल्यात निःसंशय चुका आहेत, तर दुसऱ्यात इंग्रजीत अस्तित्वात असलेले पण इतके विरळ शब्द आहेत की ते दिसले तर बहुधा लिहिणाऱ्याचा हात घसरलेला असतो. ब्रिटिश स्पेलिंगचे अमेरिकी स्पेलिंग करणारा एक स्वतंत्र कोश आहे, आणि बेळगावातल्या वाचकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे शाळेत ब्रिटिश वळणाचे इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे ‘कलर’मध्ये ‘यू’ नसलेला दिसला की आपल्या मुलांना ती चूक वाटते. वेबपानाची सजावट करणाऱ्या सीएसएसमध्ये तो शब्द अमेरिकी पद्धतीनेच लिहावा लागतो, आणि गद्यात कोणते वळण ठेवायचे हे त्या त्या प्रकल्पाने ठरवलेले असते. कोडस्पेल आपण सांगितल्याशिवाय या वादात पडत नाही. विद्यार्थ्यांनीही पडू नये, आधी प्रकल्पाची लेखनपद्धती वाचावी.

एक गोष्ट आपल्या भागात वारंवार आडवी येते. नमुन्यादाखल दिलेल्या मजकुरात रोमन लिपीतली मराठी किंवा कन्नड नावे आणि शब्द असले की कोडस्पेल गोंधळतो. रोमन लिपीत ‘टी’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरे लिहून केलेले आपले ‘ते’ त्याच्या यादीत चूक म्हणून नोंदलेले आहे, आणि त्याऐवजी तो इंग्रजीतले तीन-चार छोटे शब्द सुचवतो. गटातला एक विद्यार्थी ते पाहून म्हणाला, “मॅडम, हा आपल्या ‘ते’लाच चूक म्हणतोय की.” उपाय सोपा आहे. दुर्लक्ष करायचे शब्द ‘डॅश कॅपिटल एल’ या पर्यायाने किंवा एका छोट्या फाइलीत लिहून द्यायचे, आणि ज्या फायली तपासायच्याच नाहीत त्या ‘डॅश कॅपिटल एस’ने वगळायच्या. हे सारे प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या कॉन्फिगरेशन फाइलीत एकदाच नोंदवून ठेवता येते, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा तोच त्रास होत नाही. योगदान देणाऱ्यांच्या नावांची फाइल तर आम्ही सरळ वगळतो. माणसाच्या नावाला यंत्राने हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता दुरुस्ती पाठवण्याबद्दल. हा भाग कोडस्पेलच्या कक्षेबाहेरचा असला तरी साधनाचे मोल त्याच्या वापरावर ठरते, म्हणून तो टाळता येत नाही. प्रकल्प सांभाळणारी माणसे बहुतेक वेळा फावल्या वेळात हे काम करतात, आणि आलेली प्रत्येक पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) कोणाला तरी उघडून वाचावी लागते. डिजिटलओशन या कंपनीने २०१४ पासून दर ऑक्टोबरात चालवलेल्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. २०२० साली त्यासाठी रीडमी या प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत एखादा निरर्थक शब्द घालणाऱ्या रिक्वेस्टचा असा पूर आला की प्रकल्पचालक वैतागले आणि आयोजकांना नियम बदलून प्रकल्पाने स्वतःहून संमती दिली असेल तरच सहभाग धरावा लागला. तेव्हापासून स्पेलिंगच्या दुरुस्त्यांकडे अनेक ठिकाणी संशयाने पाहिले जाते. हा संशय दूर करण्याचा मार्ग नीटपणाचाच आहे. एका विषयाच्या साऱ्या दुरुस्त्या एकत्र पाठवाव्यात, त्यांत दुसरा कोणताही बदल मिसळू नये, कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात काय केले आणि कोणत्या साधनाने शोधले ते सांगावे, आणि दुसऱ्या प्रकल्पातून उचलून आणलेल्या फायलींना हात लावू नये, कारण त्यांची दुरुस्ती मूळ ठिकाणीच व्हायला हवी. पायथनसारखे काही प्रकल्प अशा छोट्या दुरुस्तीसाठी आधी वेगळी तक्रार नोंदवण्याची अटही ठेवत नाहीत. नवख्या माणसाने सुरुवात तिथून करावी.

भाषांतराशी संबंधित एक मुद्दा मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतो. ज्या प्रकल्पांचे भाषांतर गेटटेक्स्ट पद्धतीने होते, तिथे इंग्रजी वाक्य हेच भाषांतराला जोडणारी किल्ली असते. त्या वाक्यातले एक अक्षर बदलले तरी जुने मराठी भाषांतर ‘फझी’ म्हणजे संदिग्ध ठरते, आणि कोणी ते पुन्हा तपासून मान्य करीपर्यंत मराठी वापरकर्त्याला तिथे इंग्रजी वाक्य दिसते. मराठी, कन्नड, कोकणी अशा भाषांत भाषांतरकार मोजकेच असतात, त्यामुळे ही तपासणी लवकर होईलच याची खात्री देता येत नाही. म्हणून लिनक्सचा डेस्कटॉप पुरवणाऱ्या नोमसारखे प्रकल्प नवी आवृत्ती जवळ आली की पडद्यावर दिसणारी वाक्ये गोठवतात. याचा अर्थ इंग्रजी चुका तशाच ठेवाव्यात असा मुळीच नाही. पडद्यावर दिसणाऱ्या वाक्यांतल्या दुरुस्त्या संहितेतल्या टिपणांपासून वेगळ्या ठेवाव्यात, त्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या काळात पाठवाव्यात, आणि जमल्यास मराठी भाषांतरातील फझी ओळी आपणच लागोलाग तपासून द्याव्यात. कोडस्पेलला ही वाक्ये कोणती आणि टिपणे कोणती हे कळत नाही, तो फरक वापरणाऱ्यालाच करावा लागतो.

यानंतर ज्या प्रश्नासाठी मी हे परीक्षण लिहायला घेतले त्याकडे येते. सीमाभागातल्या मराठी शाळांच्या संगणकांसाठी आमचा गट लिनक्स आणि लिब्रेऑफिस (लेखन, हिशेब इत्यादींचा मुक्त सॉफ्टवेअरसंच) यांच्या वापराच्या मार्गदर्शिका मराठीत लिहितो. त्यांतल्या चुका कोडस्पेलने तपासता येतील का? सरळ उत्तर असे की जसा मिळतो तसा तो या कामाला उपयोगी पडत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

स्वतःची यादी देण्याची सोय कोडस्पेलमध्ये आहे. ‘डॅश कॅपिटल डी’ लिहून आपल्या कोशाची फाइल द्यायची. त्यामुळे ‘सुचना’ ही चूक आणि ‘सूचना’ हे बरोबर रूप अशी ओळ लिहिली की काम झाले असे कोणालाही वाटेल. पण शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवताना कोडस्पेल पायथनच्या नेहमीच्या नियमावर विसंबतो, आणि त्या नियमात अक्षरे व अंक धरले जातात, देवनागरीच्या मात्रा, वेलांट्या, उकार आणि हलन्त चिन्हे धरली जात नाहीत. परिणाम असा होतो की ‘सूचना’ या शब्दाचे ‘स’ आणि ‘चन’ असे दोन तुकडे पडतात. ‘सुचना’चेही नेमके तेच दोन तुकडे पडतात. ऱ्हस्व-दीर्घाचा सारा भेद ज्या चिन्हात आहे तेच चिन्ह गाळले गेल्यामुळे बरोबर आणि चूक ही दोन्ही रूपे साधनाच्या दृष्टीने एकच होतात, आणि आपली यादी कितीही काळजीने केलेली असली तरी तिचा उपयोग होत नाही. हा दोष एकट्या मराठीला भोवत नाही. हिंदी आणि कन्नड मजकुराच्या बाबतीतही हेच घडते.

यावर एक तोडगा आहे आणि आम्ही तो वापरतो. ‘डॅश आर’ या पर्यायाने शब्द ओळखण्याचा नियम आपण स्वतः देऊ शकतो. देवनागरीचा संपूर्ण पट्टा आणि त्यासोबत जोडअक्षरांसाठी लागणारी दोन अदृश्य चिन्हे त्या नियमात लिहिली की शब्द अखंड राहतात आणि यादीतली चूक बरोबर सापडते. अशा वेळी इंग्रजी शब्द त्या नियमात बसत नाहीत, म्हणून इंग्रजीसाठी आणि मराठीसाठी दोन वेगळ्या फेऱ्या कराव्या लागतात. दुसरी मर्यादा अशी की स्वतःचा नियम दिला की ‘डॅश डब्ल्यू’ चालत नाही. साधन चूक दाखवते, दुरुस्ती हाताने करावी लागते. मी हाताने दुरुस्त करण्याच्या बाजूची आहे हे वर लिहिलेच आहे, तरीही शेकडो पानांत एकच निर्विवाद चूक पसरलेली असेल तेव्हा ही सोय नसल्याचे जाणवते.

मराठीची खरी अडचण याहून खोल आहे. इंग्रजीत ‘सेपरेट’ची चूक यादीत दोन-तीन रूपांनी भागते. मराठीत ‘सूचना’ला प्रत्यय लागून सूचनेत, सूचनेनुसार, सूचनांमध्ये, सूचनांचे, सूचनांवरून अशी रूपांची रांग तयार होते, आणि चुकीच्या यादीवर चालणाऱ्या साधनाला यातले प्रत्येक रूप वेगळे नोंदवून द्यावे लागते. अशा शब्दांसाठी आम्ही कोडस्पेल बाजूला ठेवून ‘ग्रेप’ने नुसता ‘सुचन’ हा तुकडा शोधतो, म्हणजे सारी रूपे एका झटक्यात हाती लागतात. संपूर्ण मजकुराची तपासणी करायची असेल तर प्रत्ययांचे नियम समजणारा हनस्पेल हा स्पेलचेकर अधिक योग्य आहे. लिब्रेऑफिसमध्ये त्याच्यासाठी मराठी कोश जोडता येतो. अ‍ॅस्पेल या दुसऱ्या स्पेलचेकरलाही मराठी कोश आहे. मात्र या दोन्हींच्या कोशांत संगणकाच्या परिभाषेतले शब्द पुरेसे नसल्यामुळे लाल रेघांची ती जुनी तक्रार पुन्हा उभी राहते. त्यामुळे आम्ही दोन्ही पद्धती जोडीने वापरतो, आणि एवढ्या खटपटीनंतरही शेवटचे वाचन माणसालाच करावे लागते.

ज्या कामात कोडस्पेल आपला नियम देऊन मराठीत उत्तम चालतो ते काम लेखनचिन्हांच्या संकेतांचे आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात युनिकोडमधील (संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतांतील) ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असते, दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एकाने दुसरे सापडत नाही. त्यातून ते अदृश्य चिन्ह टाकायचे राहिले तर ‘या’वर रफार चढतो आणि शब्दाचा उच्चारच बदलतो. इंटरनेटवरील मराठीत ही चूक सर्रास दिसते. ‘अ’वर अर्धचंद्र असलेल्या स्वराचेही असेच आहे. त्याच्यासाठी युनिकोडने २००८ साली स्वतंत्र अक्षर दिले, तरी जुन्या कळफलकांची सवय असलेले लोक ते वेगवेगळ्या जोडण्यांनी लिहितात. छापील पानावर मुद्रितशोधकाला हा भेद दिसणेच शक्य नव्हते. डिजिटल मजकुरात तो शोधाला, वर्णक्रमाला आणि वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला त्रास देतो, आणि तो डोळ्यांनी सापडत नाही. इथे यादीवर चालणारे साधन माणसापेक्षा निश्चितच सरस आहे.

यादी करताना प्रमाण कोणते धरायचे हा प्रश्न आमच्या गटात निघाला होता. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केलेले मराठी लेखनाचे १४ नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली ४ नियमांची भर हाच आधार आम्ही घेतला आहे. आपण कर्नाटकात राहतो, आपल्या बोलीवर कन्नडचे संस्कार आहेत आणि ते मला प्रिय आहेत, पण पुण्यात, नांदेडमध्ये आणि भालकीत एकच मार्गदर्शिका वाचली जाणार असेल तर लेखनाचा नियम एकच असणे वाचकाच्या सोयीचे आहे. नियमांनी न सुटणारे प्रश्नही राहतात. ‘फाइल’ की ‘फाईल’, ‘वेबसाइट’ की ‘वेबसाईट’ यावर आम्ही चर्चा करून एक रूप पक्के केले आणि दुसरे यादीच्या डाव्या बाजूला टाकले. ज्या रूपाबद्दल गटात मतभेद राहिला ते यादीत घेतलेच नाही. यादी लहान राहिली, पण तिने दाखवलेल्या चुकीवर वाद होत नाही, आणि कोडस्पेलच्या मूळ कोशाकडून आम्ही घेतलेला धडा हाच आहे.

साधनाच्या उणिवा थोडक्यात सांगते. शब्द बरोबर पण जागा चुकलेली असेल, उदाहरणार्थ ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ पडला असेल, तर ते कोडस्पेलला कळत नाही. एकच शब्द लागोपाठ दोनदा आला तरी तो गप्प राहतो. कर्नेलसोबत येणारी ‘चेकपॅच’ ही तपासणी-संहिता अशी द्विरुक्ती पकडते, तिच्यासोबत चुकांची स्वतःची यादी असते आणि हवी तर ती कोडस्पेलचा कोशही वापरते, म्हणून कर्नेलच्या कामात ती अधिक उपयोगी आहे. पर्यायांच्या अक्षरांत लहान आणि मोठ्या लिपीचा फरक पाळावा लागतो आणि नवख्या माणसाचा त्यात घोटाळा होतो. माहितीपान इंग्रजीतच आहे, त्यामुळे पहिल्या बैठकीत शेजारी बसून शिकवणारे कोणी तरी हवे.

तरीही मुक्त स्रोताच्या कामात पहिले पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला मी हेच साधन सुचवीन. प्रोग्रॅमिंगची एकही ओळ न लिहिता तो बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन वापरायला शिकतो, दुसऱ्याचा मजकूर काळजीने वाचायला शिकतो, आणि प्रकल्पचालकाने दुरुस्ती स्वीकारली की त्याचे नाव त्या प्रकल्पाच्या इतिहासात कायमचे नोंदले जाते. अथणी किंवा रायबागच्या मुलाला त्यासाठी बंगळुरूला किंवा पुण्याला जावे लागत नाही. ज्यांना मराठी किंवा कन्नड मजकूर तपासायचा आहे त्यांनी मात्र शब्द ओळखण्याचा नियम आधी बदलून घ्यावा आणि दोन-चार ओळखीच्या चुका मुद्दाम घातलेल्या छोट्या फाइलीवर तो चालवून पाहावा, कारण नियम चुकला तर कोडस्पेल कोणतीही चूक न दाखवता शांतपणे संपतो आणि मजकूर शुद्ध आहे असा गैरसमज होतो. कर्त्यांकडे माझी मागणी एकच आहे. देवनागरी आणि कन्नडसारख्या लिप्यांची चिन्हे शब्द ओळखण्याच्या मूळ नियमातच धरली जावीत, म्हणजे वेगळा नियम लिहावा लागणार नाही आणि त्यामुळे बंद पडणारी आपोआप दुरुस्तीची सोयही या भाषांना मिळेल.